उकळत्या पाण्याचा नळ घेण्याआधी गच्चीवरची टाकी बघा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही त्रिमूर्ती नगरात चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराचं काम काढलंय, ओटा नवा होतोय. माझे दीर नेदरलँड्सला असतात. त्यांच्याकडे सिंकवर उकळत्या पाण्याचा नळ आहे आणि आमच्या ह्यांना तो फार आवडला. इथल्या मॉड्युलर किचनवाल्याने बसवण्यासकट १ लाख २० हजारांचा भाव दिलाय. गॅस वाचेल, वेळ वाचेल, वीजही केटलीपेक्षा कमी लागेल, असं तो म्हणतो. घरात सासूबाई आहेत, वय ७६. त्यांचे हात कापतात. त्यांना दिवसभर प्यायला गरम पाणी लागतं आणि पहाटेचा चहा त्या स्वतःच मांडतात, कुणाला उठवत नाहीत. मुलगी पाच वर्षांची आहे. पाणी कार्पोरेशनचं, पण उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअरचं मिसळते. ग्रॅनाइटवाला रोज विचारतोय, नळाचं भोक कुठे पाडू? काय सांगू त्याला?
(एक वाचक भगिनी, त्रिमूर्ती नगर, नागपूर)

उत्तर : त्याला सांगा, सध्या पाडू नको. नळाचं ३५ मिलिमीटरचं भोक ओटा बसल्यावरही कोअर कटरने पाडून मिळतं. एकदा पाडलं की मात्र तिथे कायमचं झाकण लावून बसावं लागतं. त्याच्या घाईपायी सव्वा लाखाचा निर्णय उरकू नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे तुमचा मजला सगळ्यात वरचा आहे. किचनवाल्याने त्याबद्दल काही विचारलं का? विचारलं नसेल तर हा नळ त्याने स्वतः फारसा बसवलेला नाही, असं मी धरून चालेन.

हे यंत्र कसं चालतं ते आधी सांगते. वर दिसतो तो नुसता नळ. खरं यंत्र सिंकखालच्या कपाटात असतं. साधारण ३ लिटरची स्टीलची टाकी, दुहेरी भिंतीची, दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली. तुमच्या दिरांच्या देशात निघालेल्या प्रकारात या टाकीतलं पाणी १०८ अंशांवर राखलेलं असतं. शंभराच्या वर जाऊनही ते उकळत नाही, कारण ते दाबाखाली असतं. नळ उघडला की दाब सुटतो, थोड्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि धार फसफसत, थुंकल्यासारखी तुटक तुटक बाहेर पडते. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास हात मागे घेतो.

आता प्रश्न असा, की हा दाब येतो कुठून? टाकी तो स्वतः तयार करत नाही. तो पाण्याच्या लाइनमधूनच यावा लागतो. युरोपात नगरपालिकेचं पाणी चांगल्या दाबाने थेट स्वयंपाकघरापर्यंत येतं. आपल्या अपार्टमेंटमध्ये काय होतं? पाणी आधी खालच्या टाक्यात पडतं, तिथून मोटरने गच्चीवर चढतं आणि गच्चीवरून स्वतःच्या वजनाने खाली येतं. त्याला मिळणारा दाब म्हणजे टाकी आणि नळ यांच्यातलं उभं अंतर, बस्स. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. तुमच्या सिंकपासून गच्चीवरची टाकी फार तर ३ ते ४ मीटर वर असेल, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. यंत्र बनवणारे सहसा किमान १ ते २ बार मागतात. ते सोडून द्या. १०८ अंशांचं पाणी उकळू नये एवढ्यासाठीच बाहेरच्या हवेच्या दाबावर जवळपास पावणेचार मीटर पाण्याचा दाब लागतो. तुमच्याकडे तेवढाही भरवशाने नाही. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना तो कदाचित मिळेल, तुम्हाला नाही.

यावर किचनवाला म्हणेल, 'प्रेशर पंप लावून देतो.' लावता येतो, त्यात खोटं काही नाही. पण मग सासूबाईंनी पहाटे पाच वाजता अर्धा कप पाणी घेतलं तरी पंप घुर्रकन सुरू होणार. वीज गेली की पंपही गेला. आणि पंपाचे पैसे त्या १ लाख २० हजारांत आहेत का, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावं लागेल.

दुसरा एक प्रकार असतो. त्यात टाकी दाबाखाली नसते, तिचं तोंड हवेला उघडं राहतं आणि पाणी ९० ते ९८ अंशांपर्यंत तापतं. त्याला एवढा दाब लागत नाही. तुम्हाला दाखवलेला नळ यातला कोणता, हे विक्रेत्याला सरळ विचारा. त्याच्या पुस्तिकेत 'किमान इनलेट प्रेशर' किती लिहिलंय ते पान तुमच्यासमोर उघडायला सांगा. तेवढ्यावर अर्धा निकाल लागतो.

दाबाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट, कारण तिच्यात जिवाचा धोका आहे. पाणी २५ अंशांवरून १०० पर्यंत तापलं की ते साधारण ४ टक्क्यांनी फुगतं. ३ लिटरच्या टाकीत हे जास्तीचं पाणी सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास होतं. त्याला बाहेर पडायला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून थेंब पडणं हे त्याचं कामच आहे. ते थेंब ड्रेनपर्यंत नेणारी वेगळी नळी लागते. गिझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी टपकतं म्हणून त्याला बूच मारणारे प्लंबर मी याच शहरात पाहिले आहेत. तंत्रनिकेतनात मी वर्षानुवर्षं पोरांना विजेबरोबर हेही शिकवत आले, की बूच मारलेली गरम टाकी म्हणजे स्फोटाची तयारी. तुमच्या घरी कुणीही असं करायला लागलं तर त्याचं काम तिथेच थांबवा.

आता चहा. हा नळ मुळात कुणासाठी निघाला ते बघा. १९७० च्या सुमारास हेन्री पेटेरी नावाचे एक डच गृहस्थ युनिलिव्हरमध्ये काम करत होते. तिथे इन्स्टंट सूपवर काम चाललं होतं. सूप झटपट, पण त्याला लागणारं उकळतं पाणी झटपट नाही, हे त्यांच्या डोक्यात बसलं आणि त्यातून हा नळ आला. कपात पुडी टाकायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि प्यायचं, अशा स्वयंपाकघरासाठी तो अगदी योग्य आहे. आपल्या चहाचं तसं नाही. आपण गंजात पाणी, साखर, आलं, पत्ती सगळं एकत्र उकळतो, मग दूध, मग पुन्हा एक उकळी. पाणी आधीच उकळलेलं मिळालं तर दोन कपांमागे दोनेक मिनिटं वाचतील. पुढची उकळी गॅसवरच आहे.

म्हणजे आपल्या घरात उकळत्या पाण्याला काम नाही असं मात्र नाही. रश्श्यात गार पाणी ओतलं की तर्री बसते, म्हणून शेजारच्या शेगडीवर पाणी तापत ठेवणं हे नागपुरात कुणाला शिकवावं लागत नाही. गोळाभाताला वरून आधणाचं पाणी लागतं. वरणाचा कुकर लावताना, रात्री चणे भिजवायचे राहिले तर, बाळाच्या बाटल्या उकळायला, तेलकट डबे घासायला, सगळीकडे लागतं. तुमच्याकडे हे किती चालतं हे मला इथे बसून कळणार नाही. फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि चार-आठ दिवस ज्याने पाणी तापवलं त्याने लिहायचं : किती, कशासाठी, किती वाजता. यजमानांनाही लिहायला लावा. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज दिवसाला ५ ते ६ लिटरचा आहे.

त्यावरून पैशांचा हिशेब पटकन मांडते. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला ०.०९ युनिटच्या आसपास उष्णता लागते. केटलीत थोडी वाया जाते म्हणून ०.१ युनिट धरा. युनिटला सगळे आकार धरून १० रुपये पडले तर लिटरला एक रुपया. गॅसवर तेवढ्याच पाण्याला १२ ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अकराशे-बाराशे लिटर पाणी उकळेल. खर्च जवळपास तोच. दिवसाला ६ लिटर म्हणजे वर्षाला दोन-सव्वादोन हजार रुपये. नळाने हा सगळाच्या सगळा खर्च शून्यावर आणला तरी १ लाख २० हजार वसूल व्हायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील. आणि तो शून्यावर येणार नाही, कारण पाणी तापवायला नळालाही तेवढीच उष्णता लागते.

'केटलीपेक्षा कमी वीज' हे विक्रेत्याचं वाक्य अर्धंच खरं आहे. चांगल्या निर्वात टाकीला पाणी नुसतं तापलेलं राखायला १० वॅटच्या आसपास वीज लागते, एका लहान एलईडी दिव्याएवढी. महिन्याला सात युनिट. हे फार नाही. पण ते केटलीच्या वर लागतं, खाली नाही. फायदा होतो तो फक्त अशा घरात, जिथे एका कपासाठी रोज केटली गच्च भरून उकळतात. स्वस्त टाकीत निर्वात भिंतीऐवजी नुसता फोम असतो, तिथे हा आकडा वाढतो. महावितरणच्या बिलात तुम्ही ३०० युनिटच्या काठावर असाल, आणि कूलर-एसीच्या महिन्यांत आपण सगळेच असतो, तर काठापलीकडचं प्रत्येक युनिट महागाचं पडतं. शिवाय मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, घरात कोण उकळतं पाणी मागतं? माठाजवळ गर्दी असते.

पाण्याची जड-हलकी जात बघायलाच हवी. पेंच आणि कन्हानचं शुद्ध केलेलं पाणी वेगळं आणि खडकातून वर आलेलं बोअरचं पाणी वेगळं. जड पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना खाली बसतो, आणि ज्या टाकीत पाणी चोवीस तास १०८ अंशांवर उभं आहे तिथे तो बसतच राहतो. आधी हीटिंग एलिमेंटवर थर, मग नळाच्या बारीक तोंडात खडे. म्हणून या यंत्रांना चुना अडवणारं कार्ट्रिज जोडतात आणि ते ठरावीक काळाने बदलावं लागतं. उन्हाळ्यात तुमची सोसायटी बोअर मिसळते, तेव्हा ते लवकर संपेल. 'आरओचं पाणी जोडून देतो' असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, आरओच्या साठवण टाकीतून येणारी धार बारीक आणि बिनदाबाची असते. दाबाचं भांडण तिथे पुन्हा सुरू होतं.

हे सगळं एकीकडे, आणि सासूबाई एकीकडे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं तुमचं मन या नळाकडे झुकतंय ते त्यांच्यासाठी. 'आईंना जड गंज उचलावा लागणार नाही.' हा विचार चांगला आहे, म्हणून तो नीट तपासून बघू.

उद्या पहाटे त्या चहा मांडतील तेव्हा लांबून नुसतं बघा. त्या सिंकवर गंजात गार पाणी घेतात. गार पाण्याचा गंज शेगडीपर्यंत नेतात. सांडलंच तर ओटा ओला होतो, एवढंच. गरम गंज त्या एकदाच उचलतात, चहा गाळताना. आता नळ आला असं समजा. त्या सिंकवर गंज धरणार, त्यात फसफसत उकळतं पाणी पडणार, हात कापणार आणि तो उकळत्या पाण्याचा गंज दोन-तीन फूट शेगडीपर्यंत न्यावा लागणार. गाळताना पुन्हा एकदा आहेच. म्हणजे उकळतं पाणी उचलण्याची वेळ एकाची दोन झाली. गरम पाणी प्यायचं असेल तरी पेला एका हातात, नळाची कळ दुसऱ्या हातात. हे नळ मुलांपासून जपण्यासाठी दाबून, मग फिरवून उघडायचे केलेले असतात, आणि नेमकी तीच हालचाल कापऱ्या हाताला सगळ्यात अवघड. ६० अंशांचं पाणीसुद्धा पाच-सहा सेकंदांत खोल भाजतं; उकळत्याला तेवढाही वेळ लागत नाही, आणि म्हातारपणी कातडी पातळ झालेली असते. ज्यांच्यासाठी नळ घ्यायचा त्यांनाच त्याचा धोका जास्त आहे. म्हणून तुमच्या घरासाठी माझं उत्तर नाही असं आहे.

त्यांची पहाट मात्र त्यांच्याकडून काढून घेऊ नका. 'आई, तुम्ही उठू नका, मी करते' हे प्रेमाने म्हटलं तरी त्यांना ते लागतं. त्याऐवजी तीन गोष्टी करा. एक इलेक्ट्रिक थर्मोपॉट, म्हणजे पाणी तापवून गरम राखणारं विजेचं भांडं, आणा. तीन-चार लिटरचा येतो, किंमत नळाच्या मानाने किरकोळ. तो ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवायचा, पेला त्याच्या तोंडाखाली ठेवायचा आणि वरचं बटन दाबायचं. पेला टेकलेला राहतो, हात फक्त बटनावर. तापमान ठरवता येणारा घ्या आणि सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवा. पेल्यात आधी साधं पाणी, मग गरम, ही सवय लावा. रात्री तो भरून ठेवणं तुमच्याकडे किंवा यजमानांकडे. थर्मोपॉट आणि त्याची वायर ओट्याच्या काठापासून आत असू द्या. पाच वर्षांचं मूल लोंबणारी वायर ओढतंच.

दुसरं, त्यांच्या चहासाठी गंज आणि सांडशी बंद करून दांडीचं लहान भगोणं द्या, बूड जड असलेलं, एका कपाचं. सांडशीत बोटांची पकड सतत लागते. दांडी मुठीत धरता येते. तिसरं, गाळताना भगोणं उचलायचंच नाही. कपावर गाळणी, आणि लहान पळीने चहा त्यात सोडायचा. माझ्या आईने शेवटची कितीतरी वर्षं असाच चहा केला आणि स्वतः केला.

यजमानांची हौसही मोडू नका. ओटा उघडा आहे तोवर पुढची सोय करून ठेवा, तिला फार पैसे लागत नाहीत. सिंकखालच्या कपाटात पाइपच्या सांध्यांपासून दूर, वरच्या बाजूला १६ अँपिअरचा पॉइंट. त्याला तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो याच कामात बसवून घ्या. नळ आला नाही तरी तो हवाच. गार पाण्याच्या लाइनला एक जास्तीचा अँगल कॉक, ड्रेनला एक जास्तीचं तोंड. कपाटात टाकीएवढी जागा मोकळी. पुढे कधी तुम्ही खालच्या मजल्यावर गेलात, किंवा सोसायटीने सगळ्या इमारतीला प्रेशर पंप बसवला, आणि कार्ट्रिज बदलणारा माणूस नागपुरातच मिळू लागला, तर नळ अर्ध्या दिवसात बसेल.

कधी कुणाला गरम पाण्याने भाजलंच, तर भाजलेला भाग लगेच साध्या गार वाहत्या पाण्याखाली धरायचा, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आधी काढायच्या आणि मग डॉक्टरकडे.

प्रश्न : मी ऑनलाइन दोन हजारांत 'इन्स्टंट हॉट वॉटर टॅप' मागवला. ३ किलोवॅटचा आहे. पाणी उकळत तर नाहीच, जेमतेम कोमट येतं. यंत्र खराब आहे की आमचा व्होल्टेज कमी?
(एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : बहुधा दोन्ही ठीक आहे. त्या नळाकडून होऊ शकतं तेवढंच तो करतोय. त्यात साठवण टाकी नसते, पाणी वाहता वाहता तापतं. मिनिटाला २ लिटर पाणी सोडलं तर ३ किलोवॅट ते साधारण २१ अंशांनीच तापवू शकतं. जानेवारीत १८ अंशांचं पाणी ३९ वर येईल. २५ अंशांचं पाणी उकळायचं तर धार मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास आणावी लागेल, आणि तेवढ्या बारीक धारेला हे नळ बहुधा बंदच पडतात. भांडी घासायला, तोंड धुवायला कोमट पाणी हवं असेल तर त्याचा उपयोग आहे. वरच्या पत्रातल्या नळाशी त्याचं नाव सोडलं तर काही नातं नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. तुम्ही तो मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला लावला असेल तर आजच काढा. दहा मिनिटं चालवून प्लग हाताला गरम लागतो का, हे बघण्याचीही गरज नाही, तो लागणारच. यात विजेचं एलिमेंट आणि तुमचा ओला हात यांच्यात फक्त पाणी असतं. प्लगला अर्थची तिसरी पिन नसेल, किंवा घरात आरसीसीबी नसेल, तर हा नळ वापरू नका. दोन हजार गेले तर जाऊ द्या.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचंच पाणी आहे. केटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, खरवडून निघत नाही. हे पाणी पिणं वाईट का? टीडीएसच्या पेनाने ५४० आकडा येतो.
(एक वाचक भगिनी, मानकापूर)

उत्तर : तो थर चुन्याचा आहे, विष नाही. खरवडू नका, एलिमेंटवर चरे पडले की थर आणखी घट्ट धरतो. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबाचं सत्त्व टाकून गरम करा आणि अर्धा तास तसंच ठेवा. बुडबुडे येऊन थर सुटेल. मग दोनदा साधं पाणी उकळून फेका. बाथरूमचं ॲसिड केटलीत कधीच नको.

टीडीएसचं पेन सगळे क्षार एकत्र मोजतं, त्यातला चुना किती ते सांगत नाही. जडपणासाठी थेंबांचं वेगळं किट मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेण्याजोगं मानलं आहे. जडपणाचे तेच आकडे २०० आणि ६०० मिलिग्रॅम. तुमचं पाणी पहिल्या रेषेच्या थोडं वर आहे, घाबरण्यासारखं नाही. एक मात्र खरं, बोअरचं पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाहीत. उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण किंचित वाढतं. म्हणून वर्षातून एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, पावसाळा संपल्यावर. घरात तान्हं बाळ असेल तर आधी नायट्रेटचाच आकडा बघा.

प्रश्न : आम्ही गोकुळपेठेत तळमजल्यावर अभ्यासिका चालवतो. साठ मुलं बसतात. रात्री चहा-कॉफीच्या पुड्या घेऊन येतात आणि आमच्या केटल्या वर्षाला दोन-तीन जळतात. उकळत्या पाण्याचा नळ इथे शोभेल का?
(एक वाचक, गोकुळपेठ)

उत्तर : तुमच्याकडे गरज खरी आहे. पुडी आणि गरम पाणी, नेमकं हेच काम या यंत्राचं. फक्त सिंकखालची ३ लिटरची टाकी घेऊ नका. सुटी झाली की साठ मुलं एकदम येणार. प्रत्येकी १५० मिलिलिटर धरलं तर ९ लिटर झाले. ३ लिटर संपल्यावर २ किलोवॅटच्या टाकीला पुन्हा उकळायला आठ-दहा मिनिटं लागतात, तोवर रांग उभी. भिंतीवर लावायचा स्वयंचलित वॉटर बॉयलर घ्या, १० ते १५ लिटरचा. आत फ्लोट असतो, पाणी कमी झालं की आपोआप भरतो, आणि त्याला लाइनचा जोर लागत नाही. ३ किलोवॅटचा असेल तर तासाला तीसेक लिटर उकळतं पाणी देईल. मुलांची सगळी परीक्षा त्यात निघेल.

बसवताना तोंटी कमरेच्या उंचीवर घ्या, खांद्याच्या नको. खाली जाळीचा ट्रे आणि ट्रेला ड्रेनची नळी. वाट अरुंद असेल तर तो दारामागे लावू नका. पेला भरून वळणाऱ्या मुलाला कुणाचा धक्का लागता कामा नये. तुमचा वीजदर व्यापारी असणार, म्हणून टायमर लावून अभ्यासिका बंद असते ते तास तोडून टाका. बॉयलरसाठी बोअरचं पाणी नको, कार्पोरेशनची लाइन द्या. आणि उन्हाळी सुटीत तो बंद ठेवाल तेव्हा टाकी पूर्ण रिकामी करून ठेवा, जूनमध्ये पहिल्या दोन भरण्या ओतून द्या, मग मुलांना वापरू द्या.